शेगडीवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून गॅसची शेगडी चकचकीत करण्याचे उपाय फिरू लागतात. त्यांतला सगळ्यांचा लाडका म्हणजे बर्नरवर खायचा सोडा भुरभुरवायचा आणि वरून व्हिनेगर ओतायचं. फसफस होते आणि बघणाऱ्याला वाटतं, मळ सुटतोय. खरं तर सोडा आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. जुनं तेल त्याला दाद देत नाही. इनो आणि लिंबाची गत वेगळी नाही, कारण इनोमध्ये सोड्याच्या जोडीला सायट्रिक आम्ल आधीच असतं. त्या पाण्यातून पितळी बर्नर उजळून निघतो हे खरं, पण ते काम उरलेल्या आम्लाचं. पितळ उजळलं म्हणजे ओशटपणा गेला असं नव्हे.

फोडणीचा ताजा शिंतोडा भांड्यांच्या साबणाने निघतो. तोच रोज तापत राहिला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि वार्निशसारखा पिवळट-तपकिरी थर धरतो. तो साबणाने विरघळत नाही, त्याला तीव्र अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य, लागते. खायचा सोडा त्या मानाने फार सौम्य. किराणा दुकानात सुटा मिळणारा धुण्याचा सोडा हे खरं औषध. लोखंडी किंवा मुलामा दिलेल्या जाळ्या आणि बर्नरखालच्या स्टीलच्या ताटल्या यांसाठी एक लिटर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालावा. वस्तू पूर्ण बुडाल्या पाहिजेत, नाहीतर पाण्याच्या रेषेवर पट्टा उमटतो. तास-दोन तास ठेवून काथ्याने घासावं. थर जाड असेल तर जोर लावण्यापेक्षा पाणी बदलून पुन्हा भिजवलेलं बरं. हातात रबरी मोजे हवेतच, या पाण्याने कातडी सोलवटते.

हेच पाणी ॲल्युमिनिअमला मात्र चालत नाही. धातू काळा पडतो आणि खडबडीत होतो. पुष्कळ शेगड्यांत पितळी बर्नरच्या खालची नळी ॲल्युमिनिअमची असते, काहींत बर्नरच तसा असतो, आणि चिमणीची बारीक जाळीही बहुतेक वेळा त्याच धातूची. वजनाला हलकं आणि रुपेरी दिसलं की सोड्याच्या पाण्यापासून दूर ठेवावं आणि गरम पाणी, भांड्यांचा साबण व मऊ ब्रश यांवर भागवावं.

पितळी बर्नरचं काम दोन टप्प्यांत करावं. आधी गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून तेल काढायचं, स्वच्छ धुवायचं आणि मगच काळेपणासाठी चिंचेचा कोळ किंवा लिंबू लावायचं. दहा मिनिटं पुरतात. रात्रभर आंबटात ठेवलं तर पितळातलं जस्त निघून जातं, तांबूस डाग पडतात आणि भोकांच्या कडा कमकुवत होतात. संडास साफ करायचं ॲसिड काहीजण बिनदिक्कत वापरतात. त्याने पितळ तर खातंच, स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आणि ते ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरिन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

काचेच्या शेगडीवर तारेची घासणी, रांगोळी, राख यांतलं काहीच नको. तीन भाग खायचा सोडा आणि एक भाग पाणी असा लेप डागावर लावून वर ओलं फडकं टाकावं आणि वीस मिनिटांनी जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडावं. इथे सौम्य सोडाच योग्य, तो काचेवर ओरखडे पाडत नाही. उतू गेलेला पाक किंवा डाळीचं पाणी असेल तर सोडाही लागत नाही, गरम पाण्यात पिळलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवलं की मऊ होतं. तापलेल्या काचेवर गार पाणी मात्र ओतू नये. कडेला टवका किंवा खोल ओरखडा असेल तर ती फुटण्याचा धोका वाढतो, आणि टफन्ड काच फुटली की एक तडा जाऊन थांबत नाही, सगळीचा चुरा होतो.

सफाई सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करावा, पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक. फवारा थेट नॉबवर मारू नये. आतल्या कॉकला विशिष्ट ग्रीस लावलेलं असतं. ते धुऊन गेलं की नॉब घट्ट फिरू लागतो, आणि मग लोक त्यात खोबरेल सोडतात, जे काही दिवसांत चिकट होऊन बसतं. बर्नरची भोकं शिवणाच्या सुईने एकेक मोकळी करावीत. आगकाडी किंवा टूथपिक आत मोडून अडकते. सुई गोल फिरवून भोक मोठं करू नये, कारण मग ज्योत आत शिरते आणि बर्नर ‘फट्’ असा आवाज करून विझतो. जेटला, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीला, तर हातच लावू नये. त्याचं छिद्र ठरावीक मापाचं असतं, सिलिंडरसाठी लहान आणि पाइपच्या गॅससाठी मोठं. टाचणीने ते रुंदावलं की गॅस जास्त येतो, हवा कमी पडते आणि भांड्यांची बुडं काळी होतात.

बर्नर उलटा ठेवून पूर्ण वाळवावा आणि खाचेत नीट बसवावा. सोडा वापरल्यानंतर पहिली काही मिनिटं ज्योत पिवळी दिसू शकते, ते धुताना राहिलेलं सोडियम असतं. पिवळेपणा टिकला आणि भांड्याला काजळी धरू लागली तर पुन्हा घासत न बसता कारागिराला बोलवावं.

पुरवणीत असे उपाय छापताना ते कोणत्या धातूसाठी आहेत आणि कशात मिसळू नयेत, एवढं सोबत छापावं ही विनंती.

आपला,
शेगडी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, डोंबिवली