प्रेमाचा दिवस : आक्षेप कशाला घ्यावा?

महोदय,

१४ फेब्रुवारी जवळ आला की ‘हा दिवस आपला की परका’ हा वाद दरवर्षी नेमाने सुरू होतो. इतर समाजांनी प्रेमाच्या दिवसाला कसे वळण दिले हे पाहिल्यास या वादाचा रोखच चुकीचा आहे, असे मला वाटते.

चीनमध्ये सातव्या चांद्रमासाच्या सातव्या तिथीला ‘छीशी’ साजरा होतो. आकाशगंगेच्या दोन तीरांवर ताटातूट झालेले विणकर युवती आणि गुराखी वर्षातून त्याच एका रात्री भेटतात, अशी त्यामागची कथा. ती युवती म्हणजे आपला अभिजित तारा आणि तो गुराखी म्हणजे ज्यावरून श्रावणाला नाव मिळाले तो श्रवण. बहुतेक वर्षी हा दिवस श्रावण शुद्ध सप्तमीच्या आसपासच येतो. हीच कथा जपानमध्ये गेली आणि १८७३ मध्ये तेथे नवे कॅलेंडर लागू झाल्यानंतर अनेक ठिकाणी हा सण ७ जुलैला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येऊ लागला. तारे ढगांआड राहिले तरी लोक बांबूच्या फांद्यांना इच्छा लिहिलेल्या रंगीत चिठ्ठ्या बांधतातच. सण मूळचा चिनी असल्याने त्याचे जपानीपण उणावलेले नाही.

ब्राझीलने तर तारीखच बदलली. तेथे प्रेमिकांचा दिवस १२ जूनला, लग्ने जुळवणारा मानल्या जाणाऱ्या संत अँथनीच्या सणाच्या आदल्या दिवशी असतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जूनमधील मंदावलेली विक्री वाढावी म्हणून एका जाहिरातदाराने हा दिवस रुजवला, हेही तेथे उघड गुपित आहे.

खरी अडचण दिसते ती येथे. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला स्त्रिया पुरुषांना चॉकलेट देतात. पण प्रियकराबरोबरच कार्यालयातील साहेब आणि सहकारी यांनाही ते केवळ रीत म्हणून द्यावे लागते आणि त्याची परतफेड करण्यासाठी मिठाई उत्पादकांनी १४ मार्चचा ‘व्हाइट डे’ रूढ केला आहे. या देवाणघेवाणीचा जाच इतका वाढला की, २०१८ मध्ये गोडायव्हा या चॉकलेट कंपनीनेच वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन अशी नाइलाजाची चॉकलेटे देणे थांबवावे, असे आवाहन केले. (अर्थात, तीही जाहिरातच!)

तेव्हा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो खर्चाच्या सक्तीवर आणि भेट न देणाऱ्याला ओशाळवाणे वाटायला लावणाऱ्या बाजारावर घ्यावा. उद्यानात बसलेल्या जोडप्यांना हुसकावून लावल्याने त्या बाजाराचे काहीच बिघडत नाही. शिवाय याच दिवसासाठी मावळातील पॉलीहाऊसमधून गुलाब देशोदेशी रवाना होतात. येत्या फेब्रुवारीत आपल्या वृत्तपत्राने निषेधाच्या छायाचित्रांऐवजी या गुलाबाला बांधावर काय भाव मिळतो आणि शहरातील दुकानात तो कितीला विकला जातो, याचा वृत्तान्त द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे