तासाला १४४ सेकंद मागे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: थेट प्रक्षेपणातला उशीर आणि त्या दिवसाचं बिल

महोदय,

मी सांगलीत लग्नं, नाटकं आणि कुस्ती मैदानांचं थेट प्रक्षेपण करतो. मैदानावर आमचे दोन कॅमेरे आणि त्यांचं चित्र इंटरनेटवरून पाठवणारा एक एन्कोडर एवढंच असतं. दोन्ही चित्रं जोडणं, पैलवानांची नावं टाकणं, मोबाईलपासून टीव्हीपर्यंत चार आकारांत व्हिडिओ काढणं, हे सगळं तुमच्या सर्व्हरवर होतं. उन्हात लॅपटॉप तापून बंद पडायचा, म्हणून तर तुमची सेवा घेतली.

गेल्या रविवारी पलूस तालुक्यात जत्रेचं मैदान होतं. आम्ही सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, पाठवतो, त्यामुळे एकेका फ्रेमचं काम सरासरी ४० मिलिसेकंदांत उरकलं पाहिजे. तुमच्याच लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दुपारी ३ पासून सेकंदाला आत येणाऱ्या फ्रेम २५ आणि बाहेर पडणाऱ्या २४ दिसतात. एका फ्रेमनं काय होतंय? तासाला ३६०० फ्रेम तुंबतात, म्हणजे १४४ सेकंदांचं चित्र. सातला शेवटची जोड लागली तेव्हा चित्र साडेनऊ मिनिटं मागे पडलेलं. इकडे पोकळ घिस्सा डावावर पैलवान चितपट झाला, हलगी कडाडली, फेटे उडाले. आणि पुण्यात बसलेली विजेत्याची आई मागच्याच जोडीची सलामी बघत होती. पोराची कुस्ती तिला आधी व्हॉट्सॲपवर कळली. यात्रा कमिटीनं माझे निम्मे पैसे अडवलेत.

तुमच्या प्रतिनिधीचं म्हणणं, सेवा अखंड चालू होती, ९९.९ टक्क्यांची हमी पाळली. चालू होती हो, कुठं नाही म्हणतोय? पण लग्नाची फाईल तासाभरानं तयार झाली तरी भागतं, कुस्तीचं तसं नाही. वेळेवर चित्र देण्याबद्दल तुमच्या हमीपत्रात एक ओळ नाही, हे मी आत्ता नीट वाचलं. चूक माझीही.

बिलाची तर कमालच. मैदान संपल्यावर तुमचा सर्व्हर तुंबलेलं काम आणखी १० मिनिटं उपसत राहिला, आणि त्या मिनिटांचेही पैसे मलाच लावलेत!

त्या दिवसाचं पूर्ण बिल परत करा. फक्त माझ्या कामासाठी राखीव मशीनचे जादा पैसे घेऊनही त्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम चालू होतं का, ते लेखी कळवा. आणि काम मागे पडलं तर फ्रेम साठवत बसण्यापेक्षा जुन्या गाळून टाकायची सोय द्या. चित्र थोडं अडखळलेलं चालेल. पुढचं मैदान १५ दिवसांवर आहे, उत्तर त्याआधी हवं.

आपला,
एक ग्राहक, सांगली