पहिल्या केमोआधी एवढं विचारा

संपादक महोदय,

२०१२ साली बारावीत असताना माझ्या डाव्या गुडघ्याजवळच्या हाडाला कॅन्सर निघाला, ऑस्टिओसार्कोमा. केस जातील, उलट्या होतील, रक्तातल्या पेशी कमी होतील, हे सगळं सांगून झाल्यावर वडिलांनी संमतीपत्रावर सही केली. पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, हे मात्र कुणी बोललं नाही. जीव वाचला, पायही वाचला. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

लग्नाच्या वेळी आजार लपवला नव्हता. मांडीपासून खाली आलेला टाक्यांचा व्रण दिसतोच. दोन वर्षं दिवस राहिले नाहीत, तेव्हा तपासण्या सुरू झाल्या त्या बायकोच्या. रक्त, सोनोग्राफी, मग नळ्यांची तपासणी. त्या दिवशी ती एसटीत खिडकीला डोकं टेकून, पोट धरून घरापर्यंत आली, एक शब्द बोलली नाही. घरच्यांनी तिला सोळा सोमवार धरायला लावले. माझी तपासणी सगळ्यात शेवटी, तीही एका नव्या डॉक्टरबाईंनी माझी जुनी फाईल चाळली म्हणून. रिपोर्टात शुक्राणूंच्या रकान्यात ‘शून्य’ होतं.

कारण केमोतलं आयफॉस्फामाइड हे औषध, आणि काही अंशी सिस्प्लॅटिन हे दुसरं, असं बाईंनी समजावलं. मोबाईलची बारीक रिंग मला ऐकू येत नाही, तेही सिस्प्लॅटिनमुळेच. केमोतल्या लाल रंगाच्या औषधाचा (डॉक्सोरुबिसिन) परिणाम हृदयावर पुढे कित्येक वर्षांनी दिसू शकतो, म्हणून अधूनमधून टूडी-इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो. नऊ वर्षांत मी एकदाही केला नव्हता.

मी दूध संकलन केंद्रावर काम करतो. गायींसाठीच्या रेतमात्रांचा, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याचा, द्रव नायट्रोजनचा कंटेनर आमच्याकडे नेहमी येतो. उणे १९६ अंशांत त्या वर्षानुवर्षं टिकतात. माणसाचं वीर्यही तसंच टिकतं. केमोआधी एकदोन दिवसांत मी नमुना देऊ शकलो असतो, उपचार अडले नसते. मुलींची स्त्रीबीजं गोठवायला इंजेक्शनं देऊन साधारण दोन आठवडे लागतात. त्यांच्याशी तर निदान झाल्याझाल्याच बोललं पाहिजे.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार घेणाऱ्या पोरांना अशी सोय कुठली? निदान डिस्चार्ज कार्डावर कोणतं औषध एकूण किती गेलं आणि पुढे कोणत्या तपासण्या करायच्या, एवढं मराठीत लिहून द्यावं. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. कॅन्सरच्या रुग्णाचा वीर्य किंवा बीज जपण्याचा खर्च तरी सरकारने या नियमाला अपवाद करून योजनेतून द्यावा.

आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. सतरा वर्षांच्या मुलाशी हे बोलताना आई-वडील, मामा, चुलते यांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगा. माझ्या खाटेभोवती तेव्हा सहा माणसं उभी होती. कुणी विचारलं असतं तरी त्यांच्यासमोर मी ‘नको’च म्हणालो असतो.

बायकोला वाचून दाखवूनच हे पत्र पाठवत आहे. तिच्यासाठी नाव छापू नये.

– एक वाचक, सातारा जिल्हा