तुम्ही तुमचे मत दिले नाहीत, म्हणून आभार

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या हाती एकांतातही देता आले असते. पण ज्या प्रसंगाबद्दल आभार मानायचे आहेत, तो आपल्या मंडळीतील (चर्चमधील) अनेकांसमोर घडला आणि माझे बोलणे त्या सर्वांनी ऐकले, म्हणून आभारही त्यांच्यासमोरच मानावेत असे वाटले. तुमचे नाव लिहीत नाही. ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

तरुण संघाची जबाबदारी कोणावर सोपवावी याचा विचार चालू असताना एका तरुण बंधूचे नाव पुढे आले, आणि ही निवड योग्य नाही असे प्रभूने माझ्या मनात घातले आहे, असे मी उभे राहून सांगितले. त्यानंतर कोणीच काही बोलले नाही. बोलणार तरी काय? माणसाच्या मताला उत्तर देता येते. प्रभूचे नाव लावून मांडलेल्या मताला उत्तर देणे म्हणजे प्रभूलाच विरोध करणे, असे ऐकणाऱ्याला वाटते. त्या शांततेला मी सहमती समजलो.

सभा संपल्यावर मी तुमच्याकडे आलो तो पाठिंबा मिळवायला. तुम्हाला काय वाटते, असे मी दोन-तीनदा विचारले. तुम्ही उत्तर न देता मलाच विचारलेत, "हे तुझे मत आहे की प्रभूचे सांगणे, आणि यांतला फरक तुला कशावरून कळला?" मला राग आला. मी प्रार्थना केली आहे, असे मी म्हणालो, आणि ते खोटे नव्हते. पण त्या प्रार्थनेत मी प्रभूला काही विचारले नव्हते, माझे ठरलेले त्याला कळवले होते. हे माझ्या लक्षात यायला पुढे बरेच दिवस लागले.

तेव्हा तुम्ही बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा 7 वा अध्याय उघडलात. तो मी अनेकदा वाचला होता, पण विवाहाविषयीचा अध्याय म्हणून. हे पत्र लिहिणारा पौल एका ठिकाणी म्हणतो की ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची आहे. पुढे दोनच वचनांनी म्हणतो की हे प्रभू नव्हे, मी सांगत आहे. आणि 25 व्या वचनात तर याबाबत मला प्रभूची आज्ञा नाही, मी आपले मत देतो, असे उघडपणे लिहितो. ज्याच्या शब्दाला मंडळ्यांमध्ये एवढे वजन होते, त्या प्रेषितालाही स्वतःचे मत आणि प्रभूची आज्ञा वेगवेगळी मांडावीशी वाटली, आणि मी मात्र एका सभेत दोन्ही एकाच वाक्यात गुंडाळून टाकली होती.

नाथान संदेष्ट्याची गोष्टही तुम्हीच दाखवलीत. दाविद राजाने मंदिर बांधण्याचा मनोदय सांगताच नाथान म्हणाला की तुझ्या मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. आणि त्याच रात्री परमेश्वराने त्याला वेगळाच निरोप देऊन राजाकडे परत पाठवले. नाथान खोटा संदेष्टा नव्हता आणि राजाचा हेतूही वाईट नव्हता. तरीही ते पहिले उत्तर नाथानाचे स्वतःचे होते. दुसऱ्या दिवशी राजासमोर जाऊन कालचे बोलणे मागे घेताना त्याला काय वाटले असेल, याचा विचार मी हल्ली वारंवार करतो.

तुम्ही मला एक आठवडा थांबायला सांगितलेत. माझे आक्षेप वहीत लिहायचे, प्रत्येकासमोर तो मला कशावरून कळला ते नोंदवायचे, आणि रोज याकोबाच्या पत्रातील 3:17 हे वचन वाचायचे. आक्षेप पाच निघाले. दोन केवळ ऐकीव होते. तिसरा त्याच्या वयाचा होता आणि कोणी तुझे तारुण्य तुच्छ मानू नये असे पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले आहे, त्यापुढे तो टिकला नाही. चौथा खरा होता: तो विश्वासात नवीन होता, आणि मंडळीत पुढारीपण करणारा नवशिका नसावा, हेही त्याच तीमथ्याला लिहिलेले आहे. पाचवा आक्षेप मी सहाव्या दिवशी लिहिला. बायबल अभ्यासात एकदा त्याने सर्वांसमोर माझी चूक दाखवली होती, आणि चूक माझीच होती. वरून येणारे ज्ञान शांतिप्रिय, सौम्य आणि समजूत होण्याजोगे असते, हे मी तोवर सहा दिवस वाचत होतो. त्यातला 'समजूत होण्याजोगे' हा शब्द मला पुढे जाऊ देईना.

पुढच्या सभेत मी प्रभूचे नाव घेऊन बोललेले मागे घेतले आणि चौथा आक्षेप तेवढा माझे मत म्हणून मांडला. या वेळी लोक बोलले, काहींनी विरोधही केला, आणि शेवटी त्या बंधूला जबाबदारी देऊन एका अनुभवी व्यक्तीने वर्षभर त्याच्या सोबत राहावे असे ठरले. प्रेषित व वडील यांच्या यरुशलेमेच्या सभेतही 'पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटले' हे निर्णयाचे शब्द पुष्कळ वादविवादानंतर आलेले आहेत. मी त्याच अर्थाचे शब्द वादविवाद सुरूच होऊ नये म्हणून वापरले होते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. आता मंडळीत कोणी काही मनात आल्याचे सांगितले की आमच्यातील काही जण लगेच 'पारख करा', म्हणजे ते खरेच प्रभूकडचे आहे का ते तपासा, असे म्हणून त्याला गप्प करतात. थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना पारख करा असे सांगण्याआधी पौलाने आत्म्याला विझवू नका असेही सांगितले आहे, याकडे दुर्लक्ष होते. यावर तुम्ही कधीतरी बोलावे, अशी विनंती आहे.

त्या आठवड्यात तुम्ही मला तुमचे मत सांगितले असते, तर मी ते प्रभूचे म्हणून स्वीकारले असते किंवा तुमच्यावर रुसलो असतो, आणि दोन्ही बाबतींत ती वही कोरीच राहिली असती. मागच्या महिन्यात मी तुम्हाला पुन्हा विचारले की तेव्हा तुम्हाला खरोखर काय वाटत होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अजून तेच विचारतोस?"

प्रभूमध्ये तुमचा,
मंडळीतील एक बंधू