मॅस्टोडॉन तुम्हाला जमेल का?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाते उघडावे की ते आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे तुम्ही फोनवर विचारले होते, त्याचे उत्तर सविस्तर लिहिते. माझ्या मते रोजच्या वापरात ते फेसबुकपेक्षा फारसे कठीण नाही. माणूस अडतो तो उंबरठ्यावरच.

जर्मनीतील ऑयगेन रॉखको या तरुणाने २०१६ मध्ये ते सुरू केले. तेथे सगळे एका कंपनीच्या हाती नसून अनेक सर्व्हर, म्हणजे खाती सांभाळणारे संगणक, आहेत, प्रत्येकाचा चालक आणि नियम निराळे आहेत, तरीही एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. तुमच्या रेडिफमेलवरून माझ्या जीमेलवर पत्र येते तेव्हा मध्ये दोन कंपन्या आहेत हे तुमच्या ध्यानातही येत नाही. येथील रचना साधारण तशीच आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातील बरेच जण इकडे वळले, आणि २०२२ मध्ये मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर जगभरातून मोठी लाट आली. त्यांपैकी अनेक जण परत फिरले, कारण आत कोण आहे हे कळण्याआधीच नवख्याला ‘सर्व्हर निवडा’ असे सांगितले जात होते. २०२३ मध्ये ॲपने मॅस्टोडॉन.सोशल हा सर्व्हर आपणहून पुढे ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे सारे पुन्हा एकाच ठिकाणी गोळा होतील, अशी टीका काही जुन्या मंडळींनी केली; मला मात्र हा शहाणपणाचा निर्णय वाटला. ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या माध्यमाने तर सर्व्हर निवडण्याचा हा प्रश्न जवळपास नजरेआडच ठेवला आहे, परंतु तेथील बहुतेक खाती आजही त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.

काही खटकणाऱ्या गोष्टी उरतातच. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाच्या जुन्या नोंदी कधी दिसतच नाहीत, आणि एकाच नोंदीखालील पसंतीचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे असतात. आई, तुझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचे म्हणजे कित्येक सर्व्हर हौशी माणसे पदरमोड करून चालवतात आणि त्यांतले काही बंदही पडतात. वेळीच दुसरीकडे खाते हलवले तर तुझे अनुयायी सोबत येतात, पण तू टाकलेले रांगोळ्यांचे फोटो नव्या खात्यात येत नाहीत. त्यांची प्रत उतरवून घेता येते, एवढेच. म्हणून मूळ फोटो संगणकावर ठेवत जा.

बाबा, तुम्हाला बातम्या आणि वाद दोन्ही आवडतात, तेव्हा तुम्ही मॅस्टोडॉन.सोशलवर खाते जरूर उघडा आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेवा. आई, तुझे भजनी मंडळ सगळे व्हॉट्सॲपवर आहे. त्या तेथे येईपर्यंत तुला घाई करण्याचे काहीच कारण नाही.

तुमची,
धाकटी