वजनकाटा बाथरूमच्या दाराशी ठेव

कोल्हापूर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

वहिनींचा फोन आला होता. हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा जोर कमी पडलाय, हे कळल्यापासून तू खाटेवरून उठेनासा झालायस आणि इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, कागद उशाशी घेऊन बसतोस म्हणे. 'पंपिंग ३० टक्के!' अरे, हृदयाच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती बाहेर पडतं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचंही १०० नसतं. ५५ ते ७० असतं. आपण मात्र शाळेच्या हिशेबाने स्वतःला नापास करून मोकळे होतो. माझाही आकडा तुझ्याच आसपास आहे आणि मी रोज रंकाळ्यावर फिरायला जातो. एकाच आकड्याचे दोघे, पण एक जिना चढतो आणि दुसऱ्याला सदरा घालतानाही दम लागतो. तेव्हा कागद कपाटात ठेव आणि दिवसभरात काय जमतं ते बघ.

आधी वजनकाटा आण. सकाळी लघवीला जाऊन आलास की चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांत उभा राहायचं आणि आकडा कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात. मोज्याचा वळ घोट्यावर उमटणं, आडवं झाल्यावर दम लागणं, उशीवर उशी घेणं हे बहुतेक वेळा नंतरचं. काटा त्याआधीच बोलतो. त्या दिवशी कुणाला फोन करायचा, लघवीची गोळी वाढवायची का आणि किती, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घे. रात्री दोनला धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

मिठाचं म्हणशील तर दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा. वहिनी भाजीत कमी घालतील, पण पापड, लोणचं, फरसाण, मिसळीचा कट यांचं काय? उपवासाचं सैंधव चालतं असं कुणीतरी छातीठोक सांगेल. चालत नाही, तेही मीठच. दुकानातलं 'लो सोडियम' मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नकोस. त्यात पोटॅशियम असतं आणि आपल्या काही गोळ्या ते रक्तात आधीच वाढवतात. ईनोतही सोडियम आहेच. चवीला लिंबू, भाजलेले जिरे, लसूण, कोथिंबीर आहेत की. वांग्याचं भरीत असं करून बघ, मीठ आठवत नाही.

आणि गुडघा दुखला म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी घेणं बंद. त्यातल्या बऱ्याच वेदनाशामकांनी अंगात पाणी साठतं. माझ्या मते लोणच्यापेक्षा हे जास्त घातक, कारण घरात कुणाला संशयही येत नाही.

लग्नाला जायचं, एसटी कुठे थांबेल भरवसा नाही, म्हणून लोक लघवीची गोळी गाळतात. गाळायची नाही. त्या दिवशी ती पोचल्यावर घेतली तर चालेल का, हे विचारून ठेव. चिठ्ठीत डापाग्लिफ्लोझिन ही मूळची मधुमेहाची गोळी दिसली आणि 'मला कुठे शुगर आहे' असं वाटलं तर दचकू नकोस. मधुमेह नसलेल्या आपल्यासारख्यांनाही ते उपयोगी पडतं, हे २०१९च्या मोठ्या चाचणीत दिसलंय.

डॉक्टरांनी हो म्हटलं की चालायला लाग. चालताना बोलता आलं पाहिजे, इतकाच वेग. दाढी आणि अंघोळ स्टुलावर बसून कर, त्यात कमीपणा नाही. वाचलेला दम नातवाला बागेत न्यायला कामी येतो. वहिनी पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत, त्यांची भीती खरी आहे. पण गोळ्यांचा डबा आणि काट्याची नोंद तुझ्याच हातात राहू दे. घरात सगळं आयतं मिळणारा पेशंट लवकर खचतो, हे मी आमच्या वॉर्डात पाहिलंय. मन अगदीच उतरलं, झोप उडाली, तर तेही डॉक्टरांना सांग. तोही या आजाराचाच भाग आहे.

रविवारी फोन करतो, तेव्हा कॅलेंडरवरचे आकडे वाचून दाखव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण