१८३५ चा पाव आणा

एडिसन, न्यू जर्सी

ती. स्व. आबाकाकांना साष्टांग नमस्कार.

फोटो मिळाले. नाणं घासून इकडे ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा तपासून घ्यायला पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. नाणं ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा आहे. ते इकडे ग्रेडिंगला पाठवू नका, आणि चिंच, लिंबू, पितांबरी तर मुळीच लावू नका. घासलेलं तांबं गुलाबी पडतं, जाणकाराला लगेच कळतं आणि उरलीसुरली किंमतही जाते.

सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या. टाकसाळीतून ते १०० ग्रेनचं, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅमचं निघे. फोटोत ढालीच्या उजव्या सिंहाची आयाळ सपाट झालीय, खालच्या पट्टीवरची अक्षरं खड्ड्यांत गेलीत. अशा नाण्याला पीसीजीएस किंवा एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या अमेरिकन कंपन्या दर्जाचा आकडा देत नाहीत. ‘डिटेल्स’ लिहून गंजाची नोंद करतात. हे नाणं मुबलक सापडतं, त्यामुळे फी, टपाल, विमा यांचा खर्चही निघायचा नाही.

शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही; येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबरही नको.

मला काळजी वाटते ती कडेच्या फिक्या हिरव्या ठिपक्याची. लाकडी दातकोरणीनं हलकेच टोचून बघा. कडक, गुळगुळीत असेल तर तो जुना कळंक, राहू द्या. पिठासारखा सुटला तर आत क्लोराइड तांबं खातंय, आणि चिपळूणच्या दमट हवेत ते थांबत नाही. मग नाणं काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीन-चार आठवडे ठेवा, दर दोन दिवसांनी पाणी बदला. नळाचं नको, त्यातही क्लोरीन असतं. शेवटी शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, म्हणजे खड्ड्यांतलं पाणीही निघून जातं. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि देवघरातल्या समईपासून लांब बसा. नंतर सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. सध्याचं मऊ प्लास्टिकचं पाकीट टाकून द्या; पीव्हीसीचं असेल तर त्यानंच नाण्यावर चिकट हिरवा थर येतो.

हे नाणं ज्या डब्यात मिळालं, त्यात सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया निघाला, तर मात्र कितीही झिजलेला असो, मला कळवा. तो दुर्मीळ आहे आणि दुसऱ्या सालाचा आकडा बदलून केलेले नकली रुपये बाजारात फिरतात. तिथे अस्सलपणाची खात्री करून घेण्यासाठी फी भरणं योग्य ठरेल.

काकूंना नमस्कार.

तुमची,
मृणाल